रेप्लिका मस्टँगमध्ये इंजिन कोणतं टाकायचं? उत्तर गॅरेजच्या आधी आरसी बुकात

२१ डिसेंबर २०२१ रोजी उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी एक व्हिडिओ ट्विट केला. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या सुट्या भागांमधून तयार केलेली एक छोटी जीप त्यात होती. तोंडवळा जीपचा, पण सुरू होणार दुचाकीसारखी किक मारून. खर्च साधारण साठ हजार रुपये. महिंद्रांनी या माणसाच्या हुन्नराचं तोंड भरून कौतुक केलं. सोबत एक गोष्ट स्पष्ट सांगितली: ही गाडी कोणत्याच नियमात बसत नाही, स्थानिक अधिकारी आज ना उद्या तिला रस्त्यावर येण्यापासून रोखतील. म्हणून ही जीप आम्हाला द्या आणि बदल्यात बोलेरो घ्या. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाच्या दारात बोलेरो आली.

व्हिडिओ शेअर करणाऱ्या लाखो लोकांना बोलेरो लक्षात राहिली. नियमांचं वाक्य बहुतेकांनी सोडून दिलं. त्यानंतरच्या काही महिन्यांत, २०२२ मध्येच, सांगली जिल्ह्यातल्याच एका गॅरेज मेकॅनिकने दुचाकीचे भाग वापरून १९३० च्या फोर्डच्या धाटणीची गाडी बनवली आणि तीही तशीच व्हायरल झाली. आता रील्सवर मस्टँग, चार्जर, कमॅरो यांच्या साच्यातल्या बॉड्या दिसतात आणि खाली कमेंटमध्ये एकच प्रश्न असतो: भाऊ, इंजिन कोणतं टाकलं?

प्रश्न चांगला आहे. पण त्याचं उत्तर अमेरिकेतल्या माणसासाठी वेगळं आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या पिशोरच्या माणसासाठी वेगळं आहे. कन्नड तालुक्यातल्या या मोठ्या गावात पत्रा वाकवणारा, वेल्डिंग करणारा, फायबर मारणारा कारागीर मिळणं अवघड नाही. ट्रॅक्टरची ट्रॉली बनवणाऱ्या हातांना मोटारीची बॉडी जमत नाही असं कोण म्हणेल? अडतं ते पुढे, चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक आरटीओसमोर ठेवायची वेळ येते तेव्हा.

मसल कार म्हणजे मुळात इंजिनच

१९६० च्या दशकात अमेरिकी कंपन्यांनी मध्यम आकाराच्या साध्या मोटारीत मोठं आठ सिलिंडरचं इंजिन बसवून ती तरुणांना परवडेल अशा किमतीत विकायला सुरुवात केली. १९६४ ची पॉन्टिअॅक जीटीओ हे त्याचं ठळक उदाहरण मानलं जातं. मस्टँग, कमॅरो, चार्जर त्याच लाटेतल्या. म्हणजे या गाड्यांची ओळख बॉनेटच्या वरच्या रेघांपेक्षा बॉनेटच्या आत जास्त होती. त्यामुळेच रेप्लिका बनवणाऱ्याला इंजिनाची एवढी चिंता असते. बाहेरून मस्टँग आणि आवाज मात्र अल्टोचा, हे त्याला सहन होत नाही.

इथे एक गंमत आहे. खुद्द पहिली मस्टँग फोर्डच्या फाल्कन या घरगुती मोटारीच्या सांगाड्यावर उभी होती आणि तिचं सर्वांत स्वस्त मॉडेल साध्या सहा सिलिंडरच्या इंजिनावर यायचं. जगात जिची सर्वाधिक नक्कल झाली अशा गाड्यांपैकी एक म्हणजे शेल्बी कोब्रा. तिचा जन्मच इंजिन बदलण्यातून झाला. एसी एस नावाच्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारला ब्रिस्टॉल कंपनीचं सहा सिलिंडरचं इंजिन मिळेनासं झालं, तेव्हा कॅरोल शेल्बी या अमेरिकी माणसाने १९६२ मध्ये त्या गाडीत फोर्डचं २६० घनइंची, म्हणजे सुमारे ४.३ लिटरचं व्ही-८ बसवलं. १९५७ च्या लोटस सेव्हनच्या सुरुवातीच्या गाड्यांमध्येही फोर्डचं साधं, साइड-व्हॉल्व्ह इंजिन होतं.

तेव्हा ‘ओरिजिनल इंजिनच हवं’ हा हट्ट इतिहासाला धरून नाही. ज्यांची नक्कल करायची त्या गाड्यांनीही हाताशी असलेलं, सुटे भाग सहज मिळणारं इंजिन उचललं होतं.

महाराष्ट्रात कंपन्यांनी काय केलं

आपल्याकडे याची सगळ्यात बोलकी गोष्ट मुंबईची आहे. फियाट पद्मिनी बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९८५ च्या सुमारास ११८ एनई ही मोटार आणली. बॉडी इटलीच्या फियाट १२४ ची, इंजिन जपानच्या निसानचं, ११७१ सीसीचं. नावातलं ‘एनई’ म्हणजे निसान इंजिन. ज्या गाडीत इंजिन बदललं तिने ते नावातच मिरवलं.

तिकडे हिंदुस्तान मोटर्सची कॉन्टेसा. भारतीय मसल कार म्हणून आज रील्सवर जिला सर्वाधिक मान मिळतो ती हीच. ब्रिटनच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरवर बेतलेली ही लांबरुंद मोटार १९८४ मध्ये बाजारात आली तेव्हा तिच्या आत अॅम्बेसेडरच्या वंशातलं सुमारे ५० अश्वशक्तीचं दीड लिटरचं इंजिन होतं. दिसायला पैलवान आणि दम मात्र शाळकरी पोराचा, अशी तिची अवस्था होती. कंपनीने पुढे तिच्यात इसुझुचं १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन आणि पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवला, तेव्हा कुठे त्या बॉडीला शोभेल अशी चाल तिला आली. इथे एक बारकावा पाहण्यासारखा आहे: कंपनीने इंजिनासोबत गिअरबॉक्सही बदलला. गावातल्या बहुतेक स्वॅपमध्ये नेमका तोच खर्च वाचवला जातो.

हेच इसुझु इंजिन पुढे अलिबागला पोहोचलं. चिंकारा मोटर्स ही अलिबागची छोटी कंपनी फायबरच्या बॉडीत हाताने गाड्या घडवायची. तिची रोडस्टर म्हणजे उघड उघड लोटस सेव्हनच्या धर्तीची गाडी. तिच्यासाठी परदेशी रेसिंग इंजिन मागवण्याऐवजी कंपनीने अॅम्बेसेडर १८०० मध्ये येणारं इसुझुचं १.८ लिटरचं इंजिन निवडलं. गाडी हलकी असल्यामुळे तेच इंजिन तिच्यात वेगळ्याच तोऱ्यात पळायचं. टॅक्सीवाल्याचा मेकॅनिक ज्याला हात लावू शकतो असं इंजिन, आणि बॉडी ब्रिटिश रेसिंगच्या स्वप्नातली. महाराष्ट्रात झालेली रेप्लिकासाठीची ही कदाचित सर्वांत शहाणी निवड म्हणावी लागेल.

गोव्याच्या सॅन मोटर्सने सॅन स्टॉर्म या दोन आसनी गाडीसाठी रेनोचं १.२ लिटरचं छोटं इंजिन घेतलं. दिलीप छाब्रियांच्या डीसी अवंतीचा गाजावाजा सुपरकार म्हणून झाला, पण तिच्याही पोटात रेनोचंच दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन होतं. पैसा, अभियंते, चाचणीची सोय असं सगळं असलेल्या कंपन्यांनीही व्ही-८ चा मोह टाळला. हे पुरेसं बोलकं आहे.

कायदा नेमकं काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये या विषयाचा गाभा आहे. उत्पादकाने मूळ जो तपशील दिला होता, त्यापेक्षा नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील वेगळा ठरेल असा कोणताही बदल मालकाने वाहनात करायचा नाही. नोंदणी प्रमाणपत्रात, म्हणजे बोलीभाषेतल्या आरसी बुकात, काय असतं ते पाहा: चासी क्रमांक, इंजिन क्रमांक, इंजिनाची क्षमता, इंधन, बॉडीचा प्रकार, आसनं, वजन. रेप्लिका बनवताना यातलं जवळपास सगळंच बदलतं.

केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी या कलमाचा कडक अर्थ लावला. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम १८२ अ आलं. त्याच्या चौथ्या उपकलमानुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द दोनदा वाचावेत. इंजिन, सायलेन्सर, बॉडी असा हिशेब वेगवेगळा लागू शकतो.

मग इंजिन बदलताच येत नाही का? येतं. जुनं इंजिन निकामी झालं आणि त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं दुसरं बसवलं, तर नोंदणी प्राधिकरणाला कळवून, तपासणी करून घेऊन नवा इंजिन क्रमांक आरसीवर चढवता येतो. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्स कंपनीची लेखी संमतीही लागते. जुन्या बोलेरोत बोलेरोचंच इंजिन, हा सरळ मार्ग. जुन्या जीपमध्ये इनोव्हाचं इंजिन, हा मात्र त्या मार्गात बसत नाही. मग ते कितीही गुळगुळीत चालो.

कायद्याने दुसरं एक दार मुद्दाम उघडं ठेवलंय, ते इंधन बदलण्याचं. सीएनजी, एलपीजी, बॅटरी यांसाठी मान्यताप्राप्त किट बसवून केलेला बदल नियमांच्या चौकटीत चालतो. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने बीएस-६ पेट्रोल गाड्यांना सीएनजी-एलपीजी किट बसवायला आणि साडेतीन टनांपेक्षा कमी वजनाच्या बीएस-६ डिझेल गाड्यांचं इंजिन काढून सीएनजी किंवा एलपीजीचं बसवायला वाट करून दिली. म्हणजे सरकारचा विरोध इंजिन बदलण्याला सरसकट नाही. कुणीही न तपासलेलं इंजिन, कुणीही न तपासलेल्या सांगाड्यात बसण्याला तो आहे.

अनेकांना वाटतं की ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करून सुटका होईल. होणार नाही. जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडीच व्हिंटेज ठरते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झाला असेल तर ती बाद. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, नंबर प्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं, आणि एवढं करूनही गाडी रोजच्या वापरासाठी नाहीच. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणता येते. मागच्या वर्षी बनलेली १९६७ ची मस्टँग या व्याख्येत कोणत्याच बाजूने शिरत नाही.

विम्याचं काय, हा प्रश्न रील्सवर कुणी विचारत नाही. आरसीवर एक इंजिन आणि बॉनेटखाली दुसरं, असं निघालं तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळायला कंपनीला आयतं कारण मिळतं. अपघातात समोरचा माणूस जखमी झाला, तर भरपाईचा बोजा शेवटी मालकाच्या सातबाऱ्यापर्यंत येऊ शकतो.

अश्वशक्तीच्या आधी विचारायचे प्रश्न

समजा गाडी रस्त्यासाठी नाही. शेतातल्या खासगी जागेत, प्रदर्शनात, चित्रीकरणासाठी किंवा ट्रेलरवर चढवून शोला नेण्यासाठी आहे. किंवा डोनर गाडीचंच, त्याच बनावटीचं इंजिन नव्याने बसवायचं आहे. तरी निवड सोपी नाही.

पहिला प्रश्न वजनाचा. जुन्या अमेरिकी व्ही-८ मध्ये ओतीव लोखंडाचा ब्लॉक असायचा, आणि तेवढं वजन पुढच्या दोन चाकांवर आलं की स्टिअरिंग जड, स्प्रिंगा खचलेल्या, मागची चाकं हलकी. अमेरिकेत आज स्वॅपसाठी जनरल मोटर्सच्या एलएस मालिकेला पहिली पसंती मिळते ती आवाजासाठी कमी आणि या कारणासाठी जास्त. १९९७ मध्ये कॉर्व्हेटमधून आलेल्या एलएस-१ चा ब्लॉक अॅल्युमिनियमचा होता, आणि कॅमशाफ्ट ब्लॉकच्या आत असल्यामुळे इंजिन अरुंद, बुटकं राहिलं. कुठल्याही बॉनेटखाली ते मावतं. भारतात मात्र त्याचं सुटं पॅकिंग मागवायचं झालं तरी आयातीचा खर्च आणि आठवड्यांची वाट. महाराष्ट्रात पेट्रोल लिटरला शंभराच्या वर असताना लिटरला पाच किलोमीटर देणारी गाडी म्हणजे दर किलोमीटरला वीस रुपयांहून अधिक, नुसतं इंधनाचं.

दुसरा प्रश्न ओढीचा. अश्वशक्ती हा आकडा जाहिरातीत छान दिसतो, पण थांबलेली गाडी हलवते ती टॉर्क, म्हणजे फिरवण्याची ओढ. म्हणूनच आपल्याकडे जीपवाल्यांमध्ये टोयोटाच्या अडीच लिटर डिझेल इंजिनाचं एवढं कौतुक. पहिल्या इनोव्हातलं हे इंजिन १०२ अश्वशक्तीचंच, पण २०० न्यूटन-मीटरची ओढ खालच्या फेऱ्यांतच मिळते आणि सुटे भाग तालुक्याच्या गावीही सापडतात. पण डिझेलचा आवाज मसल कारच्या बॉडीतून आला की भ्रम तुटतो, तो भाग वेगळा.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित: थांबणार कशी? वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते, हे शाळेतलं गणित आहे. मूळ पन्नास-साठ अश्वशक्तीसाठी बनलेले ड्रम ब्रेक तसेच ठेवून इंजिनाची ताकद दुप्पट केलेली गाडी कन्नडहून चाळीसगावकडे औट्रम घाट उतरताना काय करेल, याचा विचार बॉनेट उघडण्याआधी व्हायला हवा. ब्रेक तापले की पकड सोडतात. घाटात परीक्षा चढणीला इंजिनाची असते आणि उतरणीला ब्रेकची, आणि उतरणीला नापास झालेल्याला फेरपरीक्षा नसते. इंजिनावर एक रुपया खर्च करणाऱ्याने ब्रेक, सस्पेन्शन, प्रॉपेलर शाफ्ट आणि रेडिएटरवर मिळून किमान तेवढाच बाजूला काढावा, हा जुन्या मिस्त्रींचा अंदाज चुकीचा नाही.

चौथी अडचण नव्या इंजिनांची. कार्ब्युरेटरचं जुनं इंजिन दोन वायरींवर चालायचं. आजचं फ्युएल इंजेक्शनचं इंजिन ईसीयू नावाच्या छोट्या संगणकाशिवाय पेट घेत नाही, आणि तो ईसीयू मूळ चावी, इमोबिलायझर, कधी एबीएसशीही बोलत असतो. भंगार बाजारातून नुसतं इंजिन उचललं आणि ईसीयू, वायरिंग, चावी मागे राहिली, तर ते इंजिन शोभेचं. कुर्ल्याच्या बाजारातून आणा की जवळच्या भंगारवाल्याकडून, पक्कं बिल आणि ज्या गाडीतून इंजिन निघालं तिचा कागद हवाच. चोरीच्या गाडीचा इंजिन क्रमांक निघाला तर ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तर पोलीस ठाण्यात फार वेळ टिकत नाही.

ई-२० ने पेच वाढवला

२०२५ पासून देशभरात २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हेच सर्वसाधारण पेट्रोल झालं आहे. ऊस आणि मका पिकवणाऱ्या मराठवाड्याला याचा फायदा सांगायची गरज नाही. जुन्या इंजिनाला मात्र ते पचायला जड जातं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, जुन्या काळच्या रबरी नळ्या आणि पॅकिंग फुगवतं, कडक करतं. लिटरमागे त्यात पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. कार्ब्युरेटरचं १९७०-८० च्या दशकातलं इंजिन रेप्लिकासाठी निवडायचं असेल तर नळ्या, फ्लोट, डायफ्राम, पंप हे सगळं इथेनॉल सोसणाऱ्या साहित्याचं घालावं लागतं. गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर टाकी अर्धी रिकामी सोडू नये.

यातला विरोधाभास असा: इंधनाच्या दृष्टीने नवं इंजिन शहाणपणाचं, कारण एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे भाग ई-२० ला तोंड देतील असे बनतात. धुराच्या दृष्टीनेही बीएस-६ इंजिन कैक पटींनी स्वच्छ. पण जुन्या आरसीवर जुनंच इंजिन हवं, हा कायद्याचा आग्रह मालकाला नेमका धुरकट पर्यायाकडे ढकलतो. त्यात भर म्हणजे २० वर्षांपेक्षा जुन्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये १० हजार रुपये झालं. डोनर म्हणून जुनी, स्वस्त गाडी घेण्याचा हिशेबही त्यामुळे बदलला.

वरातीच्या गाडीला व्ही-८ कशाला?

ग्रामीण महाराष्ट्रात रेप्लिकाचा खरा बाजार रेसिंगचा नाही, लग्नाचा आहे. जुन्या चासीवर लांब मडगार्ड, गोल दिवे आणि मखमली सीट लावलेल्या ‘व्हिंटेज’ गाड्या नवरदेवासाठी भाड्याने जातात. मराठवाड्यात लग्नसराई ऐन एप्रिल-मेमध्ये, पारा चाळिशीच्या पुढे. वरात चालते माणसाच्या पावलाच्या वेगाने, डीजेच्या मागे, दोन-दोन तास. या कामात मोठं इंजिन म्हणजे शिक्षा. हवा लागत नाही, त्यामुळे पाणी उकळतं. अर्धा क्लच दाबून गाडी रांगते, त्यामुळे क्लच प्लेट जळते. वऱ्हाडाला धूर वेगळाच.

अशा गाडीला हवा मोठा रेडिएटर, वेगळा इलेक्ट्रिक पंखा आणि शांत आयडलिंग. खरं तर तिला इंजिन नकोच आहे. शून्य वेगापासून पूर्ण ओढ देणारी, क्लच नसलेली, उभी असताना गरम न होणारी इलेक्ट्रिक मोटर या कामासाठीच बनल्यासारखी आहे. रोजचं अंतरही मोजकं, त्यामुळे बॅटरी लहान चालते.

आणि कायद्याचं उघडं दार नेमकं याच बाजूला आहे. पेट्रोल-डिझेल गाडी इलेक्ट्रिक करण्यासाठीच्या किटला एआयएस-१२३ हे मानक लागू होतं. पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून किटची चाचणी आणि मंजुरी, अधिकृत बसवणाऱ्याकडून फिटिंग, मग आरटीओकडून आरसीवर नोंद, असा क्रम आहे. पुण्यातल्या नॉर्थवे मोटरस्पोर्टसारख्या कंपन्या अशा किटवर काम करत आहेत. अडचण अशी की मंजुरी विशिष्ट मॉडेलसाठीच्या किटला मिळते, मोटर आणि बॅटरी वेगवेगळी विकत घेऊन घरी जोडली की तो पुन्हा बेकायदा बदलच. शिवाय किट इंधनाचा प्रश्न सोडवतं, बॉडीचा नाही. डोनर गाडीची मूळ बॉडी कापून मस्टँगची चढवली तर कलम ५२ पुन्हा दारात. भाड्याने फिरवायची तर परवान्याचा प्रश्न तिसरा.

बाहेर काय सोय आहे?

ब्रिटनमध्ये घरी बनवलेल्या किंवा भरपूर बदललेल्या गाडीसाठी एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी होते. ती पास झाली की गाडी रस्त्यावर. जुन्या नोंदणीवर हक्क टिकतो का हे ठरवण्यासाठी तिथे अनेक वर्षं गुणांची पद्धत होती: मूळ चासीला ५ गुण, सस्पेन्शन, अॅक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंगला प्रत्येकी २, आणि इंजिनाला फक्त १. आठ गुण हवेत. इंजिन बदललं तरी गाडी तीच, असा त्यामागचा विचार. अमेरिकेने २०१५ च्या कायद्यात छोट्या कंपन्यांना वर्षाला ३२५ पर्यंत रेप्लिका बनवायला मुभा दिली. किमान २५ वर्षं जुन्या गाडीची ती नक्कल हवी, मात्र इंजिन आजच्या प्रदूषण मानकांत बसणारं हवं. बॉडी जुनी, धूर नवा.

तिथे भांडण दुसऱ्याच गोष्टीवर होतं. महिंद्राने अमेरिकेत जुन्या जीपच्या वळणाची रॉक्सर विकायला सुरुवात केली, तेव्हा फियाट क्रायस्लरने तिला खेचलं ते तिच्या तोंडवळ्यावरून. २०२० मध्ये तिथल्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने मूळ रॉक्सरची रचना जीपच्या ओळखीवर अतिक्रमण करते असा निर्णय दिला आणि कंपनीला चेहरा बदलावा लागला. आतल्या डिझेल इंजिनाबद्दल कुणाची तक्रार नव्हती. मोठ्या संख्येने मस्टँगच्या बॉड्या विकण्याचं स्वप्न पाहणाऱ्या गॅरेजनेही हे लक्षात घेतलेलं बरं.

भारतात एकेका गाडीची तपासणी करून तिला पास-नापास ठरवणारी अशी वाट सामान्य कारागिरासाठी नाही. उत्पादक म्हणून मॉडेलची मान्यता मिळवायची तर चाचण्यांचा खर्च गावच्या गॅरेजच्या आवाक्याबाहेर. ज्या जिल्ह्यात १९८५ पासून वाळूजला बजाजच्या गाड्या बनतात, शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना उभा आहे आणि बिडकीनच्या औद्योगिक पट्ट्यात टोयोटाने प्रकल्पासाठी २०२४ मध्ये राज्य सरकारशी करार केला, तिथे वेल्डिंग, वायरिंग आणि गिअरबॉक्स जाणणाऱ्या हातांची कमतरता नाही. त्यांनी बनवलेली गाडी सुरक्षित आहे की नाही हे तपासून सांगणारा फॉर्म मात्र एमएच-२० च्या कार्यालयात मिळत नाही. तोवर पिशोरमध्ये बनलेल्या मस्टँगला डोनर गाडीचंच इंजिन, ट्रेलरची सोय आणि खासगी आवार यांवरच भागवावं लागेल.